परक्या क्रांतीत एक अमेरिकन: पहिली ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

नव्या लेखकाला रहस्यकादंबरी सुचते तेव्हा बहुतेक वेळा आधी प्रेत दिसतं, मग शोध घेणारा दिसतो, मग गाव. साल सगळ्यात शेवटी, जमेल तसं. ऐतिहासिक रहस्यकथेत हा क्रम उलटा करावा लागतो. माणूस कुठल्या साली आणि कुठल्या गावात मेला, त्यावर तो खून आहे, सरकारी कामकाज आहे की कोणी दखलही न घेण्यासारखी गोष्ट आहे हे ठरतं.

या लेखात मी एकच प्रकार घेतला आहे: परदेशात अडकलेला अमेरिकन आणि त्याच्याभोवतीचं राजकीय कारस्थान. उदाहरणही एकच घेतलं आहे, १७९३-९४च्या हिवाळ्यातलं पॅरिस. ते निवडण्याचं कारण साधं आहे. अमेरिका हा देश तेव्हा नवाकोरा होता. ब्रिटनने त्याचं स्वातंत्र्य तहात मान्य केलं ते १७८३ मध्ये. अमेरिकन माणूस नेमका कसा असतो हे पॅरिसच्या गल्लीतल्या शिपायाला ठाऊक नव्हतं. तो शत्रूची, म्हणजे इंग्रजांची, भाषा बोलतो एवढं मात्र लगेच कळत होतं. त्यामुळे नायक अमेरिकन आहे की इंग्रज, याचा निकाल तोंडावरून लागत नाही, खिशातल्या कागदावरून लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या कागदापाशीच येतात.

पायरी १: वर्ष नको, आठवडे ठरवा

‘फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ’ हा कादंबरीचा काळ होऊ शकत नाही. दर सहा महिन्यांनी तिथले नियम बदलत होते. १७९२च्या सुरुवातीला पॅरिसमधला अमेरिकन हा कौतुकाचा पाहुणा होता, आणि १७९३च्या शरदात तोच संशयित झाला. म्हणून सलग सहा-आठ आठवडे निवडा आणि त्याबाहेर जाऊ नका.

मी नोव्हेंबर १७९३च्या मध्यापासून जानेवारी १७९४च्या मध्यापर्यंतचा काळ घेतो. १० नोव्हेंबरला नोत्र-दाम चर्चमध्ये विवेकदेवतेचा उत्सव होऊन गेला आहे. संशयितांचा कायदा १७ सप्टेंबरपासून लागू आहे. २५ डिसेंबरला कन्व्हेन्शन, म्हणजे तिथली लोकप्रतिनिधींची सभा, परदेशात जन्मलेल्या सभासदांना बाहेर काढते, आणि २८ तारखेला त्यातल्याच टॉमस पेन या जगप्रसिद्ध लेखकाला अटक होते. ३० डिसेंबरला तुलाँ बंदर इंग्रजांकडून परत घेतल्याचा जल्लोष आहे, म्हणजे गर्दीचा प्रसंग आयता मिळाला. १२-१३ जानेवारीच्या रात्री फाब्र देग्लान्तीन पकडला जातो. हा नट आणि नाटककार, त्यात राजकारणी. तो पुढे आपल्या फार कामाला येणार आहे.

क्रांतीचा तेव्हाचा सर्वांत वजनदार पुढारी रोबेस्पिएर पडला तो जुलै १७९४ का घेत नाही, असं विचाराल. नवा लेखक हटकून तिकडेच जातो, आणि तिथेच घोडं पेंड खातं. त्या दिवसांत शेवट इतिहास करतो, शोध घेणाऱ्याला काही करायला उरत नाही. नायक तुरुंगात, उद्या गिलोटिन, आणि आदल्या रात्री सरकार कोसळलं म्हणून सुटका! वाचकाने तीनशे पानं कशासाठी वाचली मग? गाजलेल्या दिवसाच्या थोडं अलीकडे राहावं. पुढे काय होणार हे वाचकाला माहीत असतं आणि पात्रांना नसतं, त्यातला ताण फुकट मिळतो.

पायरी २: नायकाला कामाला लावा

‘साहसी अमेरिकन तरुण फिरत फिरत पॅरिसला आला’ हे चालणार नाही. त्या हिवाळ्यात कोणी हौसेने तिथे राहत नव्हतं. जे अमेरिकन होते ते मुख्यतः व्यापारासाठी. फ्रान्सचं ब्रिटनशी युद्ध फेब्रुवारी १७९३ पासून सुरू होतं, समुद्रावर ब्रिटिश आरमाराची नाकेबंदी होती आणि फ्रान्समध्ये धान्याची टंचाई. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी एप्रिल १७९३ मध्ये तटस्थता जाहीर केली होती. त्यामुळे अमेरिकी झेंड्याखाली पीठ, तांदूळ घेऊन येणाऱ्या जहाजाला मोठा भाव आला होता. धोकाही तेवढाच होता, आणि फ्रेंच सरकारकडून पैसे वसूल करायचे म्हणजे कचेऱ्यांचे उंबरे झिजवणं आलं.

खऱ्या माणसांपैकी गिल्बर्ट इम्ले बघा. हा अमेरिकन या काळात फ्रान्समधून स्कँडिनेव्हियाशी व्यापार करत होता. त्याच्यासाठी चांदी घेऊन निघालेलं एक जहाज १७९४ मध्ये नॉर्वेजियन कप्तानासकट संशयास्पद रीतीने गायब झालं. त्याचा माग काढायला १७९५ मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट, होय, स्त्रियांच्या हक्कांची कैवारी म्हणून आपण जिला ओळखतो तीच, तान्ही मुलगी बरोबर घेऊन स्वीडन-नॉर्वेला गेली होती. त्या चांदीचं काय झालं ते आजही नीट उलगडलेलं नाही. कथानकाच्या शोधात असलेल्यांनी यावर वेगळी कादंबरी लिहायला हरकत नाही.

आपला नायक आपण सालेम बंदराच्या एका व्यापारी पेढीचा जहाजावरचा कारकून करू. माल विकून हिशेब चोख ठेवणं हे त्याचं काम. माल ल हाव्र बंदरात उतरला (त्या वर्षी बंदराचं नाव बदलून ‘हाव्र-मारा’ झालं होतं), पैसे पॅरिसमध्ये अडकले, म्हणून तो पॅरिसमध्ये. कारकुनाला आकडे आणि तारखा दिसतात, खाडाखोड दिसते. त्याची बुद्धी कुठे चालेल हे अशा रीतीने पहिल्या पानापासून ठरून जातं. तलवारबाजी त्याला येत नाही, हे चांगलंच आहे.

पायरी ३: एका खुनाला किंमत आणा

सगळ्यात अवघड पायरी ही आहे, आणि नव्या लेखकांची बहुतेक हस्तलिखितं इथेच फसतात. ज्या शहरात क्रांतिकारी न्यायालय राजरोस माणसं गिलोटिनवर पाठवतंय, तिथे कोणा एकाचं भाड्याच्या खोलीत प्रेत सापडलं तर कोणाला काय त्याचं?

‘नायकाला न्यायाची चाड आहे’ हे उत्तर देऊ नका. चाड असलेली माणसं त्या वर्षी गप्प बसायला शिकली होती. नायकाला वैयक्तिक, रोकडं कारण हवं, आणि सरकारी यंत्रणेलाही तो खून एका विशिष्ट रीतीने मिटवण्यात रस हवा. या दोन कारणांची टक्कर म्हणजे तुमचं कथानक.

आपण खून करू इंग्रजी कागदपत्रांचं फ्रेंच भाषांतर करून देणाऱ्या दुभाष्याचा. पॅरिसमधला कोण खरोखर बोस्टनचा आणि कोण ब्रिस्टलचा, हे त्या माणसाला माहीत असणार. ऑक्टोबर १७९३ मध्ये ब्रिटिश प्रजाजनांना सरसकट पकडण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर ‘मी अमेरिकन’ असं सांगणाऱ्यांची संख्या वाढली नसती तरच नवल. आपली वुलस्टनक्राफ्ट ब्रिटिशच. लग्न झालेलं नसताना इम्लेने आपली बायको म्हणून अमेरिकी वकिलातीत तिची नोंद केली, आणि त्या एका कागदावर ती तुरुंगाबाहेर राहिली.

आता मुख्य खिळा ठोका. खून झाला त्या दिवशी नायकाचा पासपोर्ट भाषांतरासाठी त्या दुभाष्याच्या टेबलावर होता. खोलीला सरकारी लाखेची मोहर लागली. मोहर तोडणं हा गुन्हा. पासपोर्ट नाही म्हणजे नायक अमेरिकन नाही. इंग्रजी बोलतो म्हणजे इंग्रज. इंग्रज म्हणजे तुरुंग. खोली रीतसर उघडली जाईपर्यंत त्याला जिवंत आणि मोकळं राहायचं आहे. खून कोणी केला हे दाखवून दिल्याशिवाय ती उघडणार नाही, कारण ‘परकीयांचा कट’ म्हणून प्रकरण वर पाठवायची कोणाला तरी घाई आहे.

नवा कागद आणावा म्हटलं तर अमेरिकेचा वकील, म्हणजे राजदूत, गव्हर्नर मॉरिस. (गव्हर्नर हे त्याचं नावच होतं, हुद्दा नव्हे, वाचकाला हे एकदा सांगून टाका.) त्याने पॅरिसबाहेर, सेनच्या काठी घर घेतलं होतं आणि या काळात तो बराचसा तिकडेच असे. शहराबाहेर जायचं तर पासपोर्ट हवा. म्हणजे पासपोर्ट मिळवायला पासपोर्ट! आपल्यापैकी ज्यांनी दाखल्यासाठी दाखला आणि त्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र केलंय, त्यांना ही अडचण मुद्दाम समजावून सांगायची गरज नाही.

पायरी ४: चौकशी नेमकी कोण करतं ते शोधा

इंग्रजी कादंबऱ्या वाचून आपल्या डोक्यात इन्स्पेक्टर बसलेला असतो. १७९३च्या पॅरिसमध्ये तो नाही. शहराचे ४८ विभाग होते, त्यांना ‘सेक्शन’ म्हणत. प्रत्येक सेक्शनमध्ये निवडून आलेला एक न्यायाधीश होता. छोटे तंटे तोच मिटवायचा, गुन्ह्याची पहिली चौकशीही तोच करायचा, आणि मेलेल्याच्या किंवा पकडलेल्याच्या घराला मोहरा लावण्याचं कामही त्याचंच. त्याच्या बरोबरीने पोलिसांचा कमिसेर. आणि या दोघांना धाकात ठेवणारी सेक्शनची देखरेख समिती. परक्या माणसांवर नजर ठेवायला म्हणून मार्च १७९३ मध्ये या समित्या सुरू झाल्या आणि बघता बघता कोणालाही पकडण्याइतक्या जोरदार झाल्या. देशपातळीवर त्यांच्या वर सर्वसाधारण सुरक्षा समिती आणि सार्वजनिक हित समिती. दुसरीत रोबेस्पिएर बसायचा.

ही उतरंड वाचकाला एका परिच्छेदात सांगू नका. नायकाला तिच्यावर आपटू द्या. न्यायाधीश सज्जन आहे पण घाबरलेला आहे. कमिसेरला बढती हवी आहे. समितीतला चांभार प्रामाणिक आहे आणि म्हणूनच सगळ्यात धोकादायक. मोहर लावल्यावर ती सांभाळायला तिथे एक राखणदार नेमत असत. या राखणदाराला नुसता उभा करू नका, बोलता करा. खोलीत कोण येऊन गेलं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

वैद्यकीय बाबतीत हात आखडता ठेवा. बोटांचे ठसे नाहीत, रक्तगट नाहीत. शरीरातलं आर्सेनिक खात्रीने दाखवणारी मार्शची चाचणी १८३६ची, म्हणजे आपल्या काळात विषप्रयोग सिद्ध करणं फार कठीण. वैद्यकीची विद्यापीठं बरखास्त झाली होती, डॉक्टरांना ‘आरोग्य अधिकारी’ म्हणत. बेवारस प्रेतं शातले इमारतीच्या तळघरात ओळख पटवायला ठेवत. एवढं पुरे. रक्त-मांस कमी, कागद जास्त.

पायरी ५: धागेदोरे त्या काळातूनच काढा

‘हे प्रकरण दुसऱ्या कुठल्याही सालात घडू शकलं नसतं’ असं वाचकाला वाटायला हवं. त्यासाठी निदान एक निर्णायक धागा त्या काळाच्या पोटातून यावा लागतो. १७९३चं पॅरिस याबाबतीत भलतंच उदार आहे.

घरांचे क्रमांक घ्या. तेव्हा ते रस्त्यावर अवलंबून नव्हते, सेक्शनवर होते. लांब रस्ता दोन-तीन सेक्शनमधून जात असेल तर एकाच रस्त्यावर एकाच क्रमांकाची दोन घरं निघत. ‘२१४ नंबरच्या घरात जाताना मी त्याला पाहिलं’ असं साक्षीदार शपथेवर सांगतो, खरं सांगतो, आणि तरी ते घर हे नव्हेच! वर रस्त्यांच्या नावांतले संतही उडवले होते. सेंट-ऑनोरे रस्ता नुसता ऑनोरे झाला होता. जुन्या नावाने पत्ता सांगणारा माणूस एक तर म्हातारा, नाहीतर मनातून राजेशाहीवाला.

पण खरी खाण म्हणजे नवी दिनदर्शिका. ती थोडी समजून घ्या, कारण कादंबरीचा कणाच इथे आहे. प्रजासत्ताकाचं वर्ष २२ सप्टेंबर १७९२ पासून मोजायचं, महिने बारा आणि प्रत्येक महिना बरोबर तीस दिवसांचा, उरलेले पाच-सहा दिवस वर्षाच्या शेवटी. आठवडा सातऐवजी दहा दिवसांचा, त्यामुळे रविवार गेला. यातून पहिला, सोपा धागा निघतो: पत्रावर ‘३१ निव्होज’ अशी तारीख असेल तर ते लिहिणाऱ्याला ही दिनदर्शिका अंगवळणी पडलेली नाही. तो परका आहे किंवा बनाव करतोय. हा धागा पहिल्या शंभर पानांत वापरून टाका, कारण चाणाक्ष वाचक तो पकडणारच.

दुसरा धागा जरा खोल आहे. दिनदर्शिका मंजूर झाली ऑक्टोबर १७९३च्या पहिल्या आठवड्यात, पण तेव्हा महिन्यांना नावं नव्हती. ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असंच लिहायचं होतं. व्हांदेमियेर, ब्रुमेर, निव्होज ही नावं आली २४ ऑक्टोबरला. म्हणजे दुभाष्याच्या खोलीत ‘१५ व्हांदेमियेर, वर्ष दुसरं’ अशी तारीख घातलेला दाखला सापडला, तर तो त्या दिवशी लिहिलेला असूच शकत नाही! १५ व्हांदेमियेर म्हणजे ६ ऑक्टोबर, आणि त्या दिवशी ‘व्हांदेमियेर’ हा शब्दच कोणाला माहीत नव्हता. इंग्रजांच्या अटकेचा हुकूम त्याच्या दोन-चार दिवस पुढचा. कोणीतरी नंतर बसून, हुकुमाच्या आधीची तारीख टाकून, स्वतःला अमेरिकन करून घेतलं आहे. आणि हे ज्याच्या लक्षात आलं तो दुभाष्या मेला.

एक खबरदारी इथे घ्याच. कचेरीत जुन्या कागदाची नक्कल करताना कारकून तारीख नव्या पद्धतीने बदलून लिहू शकतो, आणि ती बनवाबनवी ठरत नाही. त्यामुळे सापडलेला कागद मूळ प्रत आहे, सही आणि शिक्क्यासकट, हे आधीच्या एखाद्या प्रकरणात सहज ओघात सांगून ठेवा. नाहीतर पुस्तक आल्यावर इतिहासाचा कोणीतरी प्राध्यापक एका ओळीत तुमचा खुनी निर्दोष सोडेल.

आता गंमत बघा. महिन्यांना ती नावं दिली कोणी? फाब्र देग्लान्तीनने. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी गुंडाळण्याच्या ठरावाच्या मजकुरात कंपनीच्या सोयीचे फेरफार करून घेतल्याचं प्रकरण घडलं, त्यात गुंतला म्हणून पकडला गेला तोही हाच फाब्र. ५ एप्रिल १७९४ला क्रांतीचा बडा पुढारी दांतों याच्याबरोबर त्याला गिलोटिनवर चढवलं. कागदाच्या बनवाबनवीवर कादंबरी लिहिताय आणि इतिहासाने अशी सोय करून ठेवली आहे. हे वापरायचं नसेल तर दुसरा काळ निवडा.

पायरी ६: कारस्थान एकच, पण खरं

राजकीय कारस्थान म्हटलं की नवे लेखक सगळंच घालतात: राजनिष्ठांचा कट, इंग्रजांचं सोनं, ऑस्ट्रियाचे हेर, गुप्त मंडळं. वाचकाच्या हाती शेवटी नुसती नावं उरतात. तुमच्या खुनाला ज्याचा खरा धक्का लागतो असं एकच प्रकरण घ्या.

कंपनीचं प्रकरण आपल्याला पुरून उरतं. शाबो नावाच्या लोकप्रतिनिधीने ऑस्ट्रियातून आलेल्या दोन बँकवाल्या भावांच्या बहिणीशी लग्न केलं होतं. त्याने नोव्हेंबरमध्ये रोबेस्पिएरकडे जाऊन सगळं उघड करायचा प्रयत्न केला, आणि सरकारने त्यालाच उचललं. इथून ‘परकीयांचा कट’ ही कल्पना जोर धरते. लाच कोणी खाल्ली हा प्रश्न मागे पडून परका कोण हा पुढे येतो. आपल्या नायकाच्या गळ्याभोवती फास आवळतो तो असा. त्याचा त्या लाचेशी काडीचाही संबंध नाही, पण तो परका आहे.

खुनी मात्र काल्पनिकच ठेवा. खऱ्या माणसाच्या माथी त्याने न केलेला खून मारणं मला पटत नाही, मग तो मरून सव्वादोनशे वर्षं का होईनात.

पायरी ७: खऱ्या माणसांना दारातून डोकावू द्या

पेन, मॉरिस, बार्लो ही माणसं इतकी रसाळ आहेत की त्यांना हाती धरलं तर ती कादंबरी पळवून नेतील. त्यांना दोन-तीन प्रसंग द्या, त्याहून जास्त नको. मॉरिस धिप्पाड, तुसडा विनोदी, एक पाय लाकडाचा. राजेशाहीबद्दल त्याला सहानुभूती होती आणि फ्रेंच सरकारला तो नकोसा झाला होता. पेन कन्व्हेन्शनचा निवडून आलेला सभासद, पण त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. राजाला मारू नका, अमेरिकेत पाठवा, असं त्याचं जानेवारी १७९३चं भाषण दुसऱ्याने फ्रेंचमध्ये वाचून दाखवलं, पेन शेजारी नुसता उभा. मारा नावाचा जहाल पुढारी मध्येच ओरडला की भाषांतरच खोटं आहे. दुभाष्याच्या खुनाची कादंबरी लिहिणाऱ्याला याहून चांगली पूर्वपीठिका कुठे मिळणार?

पेनच्या अटकेच्या वेळी कवी जोएल बार्लो मध्ये पडला होता. पुढे पॅरिसमधल्या काही अमेरिकनांनी कन्व्हेन्शनकडे अर्जही केला. उपयोग झाला नाही. पेन जन्माने इंग्रज, त्यात फ्रान्सचा नागरिक झालेला. तो अमेरिकन कसा, असा सवाल आला. नोव्हेंबर १७९४ मध्ये नवा वकील जेम्स मन्रो याने त्याला अमेरिकन म्हणून सोडवून आणलं. आपल्या नायकाने २८ डिसेंबरला ही अटक पाहिली तर पुढची सगळी भीती वाचकाला सांगावी लागत नाही. पेनसारख्या जगप्रसिद्ध माणसाला कागद वाचवू शकत नाही, तिथे सालेमच्या कारकुनाचं काय!

एक सूचना खास मराठी लेखकांना. या कथेत एखादा मराठा सरदार किंवा पेशव्यांचा वकील पॅरिसला नेऊन बसवायचा मोह होईल. नका नेऊ. रघुनाथरावांचा वकील हणमंतराव १७८१ मध्ये लंडनला गेला होता, टिपूचे वकील १७८८ मध्ये सोळाव्या लुईच्या दरबारात गेले होते. या दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यावर त्यांच्या त्यांच्या जागी झकास कादंबऱ्या होतील. १७९३च्या हिवाळ्यात मात्र तो माणूस निव्वळ तुमच्या हौसेपोटी आलेला दिसेल.

पायरी ८: संवाद

या काळात पॅरिसमध्ये ‘मस्यू’ म्हणणं अंगाशी येऊ शकत होतं; सगळे ‘नागरिक’ आणि ‘नागरिका’. अहो-जाहो टाकून सगळ्यांना अरे-तुरे करण्याची टूमही जोरात होती. मराठीत लिहिणाऱ्याला याचा थेट फायदा आहे, इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो नाही. न्यायाधीशाला त्याचा नोकर ‘तू’ म्हणतो, आणि दार लागल्यावर ‘तुम्ही’वर येतो. दोन ओळींत दोघांचंही राजकारण कळलं.

नायकाचं फ्रेंच कच्चं आहे हे मोडक्या मराठीतून दाखवू नका. दहा पानांत कंटाळा येतो. तो थोडक्यात बोलतो, प्रश्न दोनदा विचारतो, विनोद त्याला उशिरा कळतो, एवढं पुरे. आणि संवादांत ‘खामोश!’ किंवा ‘महाराज, घात झाला!’ छापाची नाटकी भाषा नको. पॅरिसचा पाववाला नानासाहेबी मराठी बोलायला लागला की सगळं संपलं.

पायरी ९: घरबसल्या कागदपत्रं

पॅरिसला जायची गरज नाही. अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर वॉशिंग्टन आणि जेफरसन यांचा पत्रव्यवहार मोफत वाचायला मिळतो. मॉरिसची त्यांना आलेली पत्रंही त्यातच आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’वर त्या काळची वर्तमानपत्रं आहेत; ‘मोनितर’ रोज चाळा, फ्रेंच येत नसेल तर यंत्राचं भाषांतर कामापुरतं चालतं. फक्त तारखा आणि नावं मूळ पानावरून तपासा. व्हर्निकेचा पॅरिसचा नकाशा याच वर्षांतला आहे. तो मोठा करून भिंतीवर लावा आणि नायकाच्या चालण्याच्या वाटा पेन्सिलने आखा.

मॉरिसची रोजनिशी प्रसिद्ध आहे, पण ती जानेवारी १७९३ मध्ये थांबते. पुढे लिहिणं त्याच्या ओळखीच्यांना धोक्याचं झालं असतं म्हणून त्याने ती बंद केली. आपल्या आठवड्यांत तो गप्प आहे. इतिहासकाराला ही अडचण, तुम्हाला मोकळं रान.

टिपणं काढताना प्रत्येक दिवसाला दोन तारखा लिहा, जुनी आणि नवी. शेजारी हवामान, पावाची रांग, त्या दिवशी कन्व्हेन्शनमध्ये काय झालं, आणि तुमचं कुठलं पात्र कुठे होतं. हा तक्ता झाल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहू नका. झाल्यावर मात्र अभ्यास थांबवा. कायमचा अभ्यास करत राहणं ही न लिहिण्याची फार प्रतिष्ठित पद्धत आहे.

पायरी १०: मसुदा

खुनी कोण आणि त्याने काय काय केलं हे दोन पानांत, त्याच्या बाजूने, तारखांसह लिहून ठेवा. ही पानं पुस्तकात येणार नाहीत. मग नायकाला त्यातलं काय, कोणत्या चुकीच्या क्रमाने कळतं ते ठरवा. रहस्यकथेचा आराखडा बहुतेक एवढाच असतो.

माहिती पेरताना एक नियम पाळा: वाचकाला नियम कळावा तो कोणीतरी मोडताना. दिनदर्शिका समजावायची असेल तर नायक चुकून ‘डिसेंबर’ लिहितो आणि खिडकीपलीकडचा कारकून अर्ज परत फेकतो. दहा तासांचा दिवस, शंभर मिनिटांचा तास हेही तेव्हा कायद्यात होतं, पण लोकांच्या घड्याळांत फारसं उतरलं नाही. म्हणून ते एकदा गमतीत येऊ द्या आणि सोडून द्या.

शेवटी मोहर फुटते तो प्रसंग लांबवा. न्यायाधीश लाख तपासतो, राखणदार सही करतो, कागदांची यादी एकेक वाचली जाते. ही रीत संथ आणि रटाळ होती. ती तशीच ठेवा, कारण नायकाचा पासपोर्ट यादीत कितवा येतो याकडे वाचकाचे कान लागलेले असतील, आणि खुनी त्याच खोलीत उभा असेल.

छापायला देण्याआधी मागे दोन पानांची टीप जोडा: कोण खरं, कोण काल्पनिक, कुठली तारीख तुम्ही सोयीसाठी सरकवली. दुभाष्या, कारकून, चांभार कल्पनेतले. पेनची अटक, शाबोची धावपळ, महिन्यांची नावं खरी. ही टीप मसुद्याबरोबरच लिहायला घ्या. वर्षभराने कुठला पाववाला आपण रचला आणि कुठला जुन्या वर्तमानपत्रात सापडला, हे तुमचं तुम्हालाच आठवणार नाही.